फुलाची भाजी आणि झाडाचा हिशेब

भोपळ्याचं फूल उजाडायच्या सुमाराला उमलतं आणि दुपार व्हायच्या आत मिटतं. एकदा मिटलं की पुन्हा उघडत नाही. तळहाताएवढं पिवळंजर्द फूल, पण त्याच्या वाट्याला येते फक्त एक सकाळ. त्या वेळी मांडवाखाली उभं राहून नीट पाहिलं तर फुलं दोन प्रकारची दिसतात. काहींचा देठ लांब, बारीक आणि सरळसोट असतो. ती नर फुलं. काहींच्या पाकळ्यांखाली, देठाला लागूनच, सुपारीएवढा हिरवा गोळा असतो. ती मादी फुलं, आणि तो गोळा म्हणजे होऊ घातलेला भोपळा.

भज्यांसाठी फुलं आणायला पोरांना परसात पिटाळताना घरातली जाणती बाई बजावते, ‘लांब देठाचीच आण, खाली भोपळा धरलेलं तोडू नको.’ वनस्पतिशास्त्राच्या पुस्तकातला एक अख्खा धडा या सूचनेत आहे. नर फूल तोडलं तर भोपळा कमी होत नाही, मादी फूल तोडलं तर एक भोपळा गेला. फूल खाल्लं की झाडाचं काय जातं, हा प्रश्न मला फुलांच्या प्रत्येक भाजीपाशी पडतो. आणि गंमत अशी की प्रत्येक झाडाकडे त्याचं उत्तर निराळं आहे.

भोपळ्याचा वेल आधी नर फुलं काढतो. कित्येक दिवस नुसती नर फुलंच येत राहतात आणि नवखा माणूस काळजीत पडतो की वेलाला फळ का धरत नाही. मग मादी फुलं दिसू लागतात, तरी त्यांची संख्या नरांपेक्षा खूप कमी राहते. एवढी नर फुलं कशासाठी? भोपळ्याचा परागकण चिकट, काटेरी आणि इतका मोठा असतो की चांगल्या नजरेच्या माणसाला तो सुटा दिसतो. वाऱ्याला तो पेलत नाही. तो न्यायला मधमाशीच लागते, मग ती सातेरी असो, फुलोरी असो की आग्या. मादी फुलालाही एकच सकाळ मिळते, आणि तेवढ्यात त्याच्या मधल्या चिकट टोकावर शेकडो परागकण पोचावे लागतात, कारण भोपळ्यातल्या एकेका बीमागे एकेक परागकण खर्ची पडलेला असतो. भोपळा चिरताना आतल्या बियांचा पुंजका हातात घेऊन पाहावा. तितके कण त्या एका सकाळी माश्यांनी वाहून आणलेले असतात. कण कमी पडले तर तो हिरवा गोळा चार-पाच दिवसांत पिवळा पडून गळतो. म्हणून वेलाने नर फुलांची चंगळ ठेवली आहे, आणि त्या चंगळीतला वाटा आपल्याला भज्यांसाठी मिळतो.

वेल एकटाच असेल तर रोजची दोन-तीन नर फुलं माश्यांसाठी ठेवावीत. बाकीची आपली.

शहरात सातव्या-आठव्या मजल्यावरच्या गच्चीत गोणीभर मातीत भोपळा लावणारे लोक आता पुष्कळ आहेत. तिथे माशी पोचेलच असं नाही. मग तिचं काम आपण करायचं. सकाळी आठच्या आत ताजं उमललेलं नर फूल तोडायचं, त्याच्या पाकळ्या अलगद सोलून काढायच्या, आणि मधला पिवळ्या भुकटीने माखलेला दांडा मादी फुलाच्या टोकावर हलकेच फिरवायचा. सोललेल्या पाकळ्या थेट स्वयंपाकघरात न्यायच्या. एकाच फुलाने वेलाला भोपळा दिला आणि घराला भजं दिलं. बागकामात इतकी समाधानाची दुसरी सकाळ मला माहीत नाही.

भज्यांसाठी फूल उघडून आत मुंगी किंवा माशी नाही ना ते पाहावं, बुडाची हिरवी, केसाळ पाती आणि आतला दांडा काढावा. पीठ पातळ हवं. बेसनात थोडी तांदळाची पिठी, ओवा, तिखट, मीठ. फुलात बहुतेक सगळं पाणीच असतं, त्यामुळे तळलेलं भजं पाच मिनिटांत मऊ पडतं. म्हणून ही कढईजवळ उभं राहून खायची गोष्ट आहे. डब्यात भरून न्यायची नाही. फुलं जास्त निघाली तर भिजवलेल्या मूगडाळीबरोबर कांद्यावर परतलेली भाजी अप्रतिम लागते. बंगालमध्ये याच फुलांचे वडे करतात. हा भोपळा मूळचा अमेरिका खंडातला, पोर्तुगीज येण्याआधी आपल्याकडे तो नव्हताच. त्याच्या माहेरी, मेक्सिकोत, मंडईत आजही लांब देठाच्या नर फुलांच्या जुड्या विकायला येतात आणि मक्याच्या पोळीत चीजबरोबर भरून खाल्ल्या जातात. फुलांतला फरक तिथल्या बायकांनाही ठाऊक आहे.

अर्थात नर फूलही वेलाला अगदी फुकट पडत नाही. कितीतरी झाडं फूल सुकताना पाकळ्यांमधली साखर आणि नत्र परत आत ओढून घेतात. म्हणून सुकलेली पाकळी इतकी कागदी होते. ताजं फूल तोडलं की ती परतफेड बुडते. पण भोपळ्यासारख्या खादाड आणि धावत्या वेलाला शेणखत आणि पाणी वेळेवर मिळालं तर तेवढं सहज सोसतं.

केळफुलाचा हिशेब याहून सोपा आहे आणि जास्त चकित करणारा आहे. केळीच्या खोडातून कोका बाहेर पडतो, त्याचं एकेक जांभळं पातं उचललं जातं आणि त्याखाली दोन ओळींत फुलं दिसतात. पहिल्या काही पात्यांखालची फुलं मादी असतात. त्यांचीच पुढे केळी होतात आणि फण्या धरतात. केळ्याच्या टोकाला जो काळा वाळका तुकडा असतो तो त्या फुलाचा उरलेला अवशेष आहे. आपण केळं सोलताना रोज एका फुलाचं टोक मोडत असतो. शेवटची फणी सुटल्यावर कोका तसाच खाली लोंबत वाढत राहतो, आणि त्यानंतरच्या प्रत्येक पात्याखाली असतात ती नुसती नर फुलं.

रानकेळीत ही नर फुलं फार कामाची असतात. रात्री पातं उचललं जातं, वटवाघळं मधासाठी येतात आणि पराग एका झाडावरून दुसऱ्यावर नेतात. आपल्या बागेतल्या केळीला मात्र परागाची गरजच उरलेली नाही. तिचं फळ परागकणाशिवाय धरतं, म्हणून तर ते बिनबियांचं असतं. म्हणजे लोंबणारा तो कोका हजारो वर्षांपूर्वी संपलेल्या कामासाठी अजून फुलं काढतो आहे. केळीचा वंश मुनव्यांवर चालतो, फुलांवर नाही. फण्या पूर्ण सुटल्या की जळगावकडचे बागाईतदार कोका कापूनच टाकतात, कारण झाडाचा तिकडे जाणारा जोम घडाकडे वळतो. हे एकच फूल असं मला माहीत आहे जे तोडल्याने झाडाचं नुकसान होत नाहीच, उलट थोडा फायदा होतो.

ते निवडणं मात्र चिकाटीचं काम. हाताला तेल लावून बसायचं, नाहीतर चीक आठवडाभर बोटांवरून जात नाही. प्रत्येक बारक्या फुलातून एक ताठ काडी आणि एक पारदर्शक पापुद्रा काढावा लागतो, कारण ती दोन्ही शिजत नाहीत. चिरलेलं फूल ताक घातलेल्या पाण्यात टाकतात. चिरल्यावर त्यातली द्रव्यं हवेशी मिळून काळी पडतात, आणि ताकाच्या आंबटपणाने ती क्रिया मंदावते. कापलेलं सफरचंद काळं पडू नये म्हणून त्यावर लिंबू पिळतात, ते याच कारणाने. काळे वाटाणे, ओलं खोबरं आणि किंचित गूळ घातलेली कोकणातली केळफुलाची भाजी ज्याने खाल्ली आहे त्याला हा खटाटोप समजावून सांगावा लागत नाही.

शेवग्याच्या बाबतीत झाड स्वतःच आपलं काम करतं. त्याच्या पांढुरक्या तुऱ्यातली बहुसंख्य फुलं शेंग न धरताच गळतात. आंब्याच्या मोहोराचंही तसंच, हजारोंनी फुलं आणि हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी फळं. झाड फुलं भरपूर काढतं आणि पोसता येतील तेवढीच फळं ठेवतं. म्हणून शेवग्याखाली रात्री जुनं लुगडं किंवा चादर पसरून ठेवावी. सकाळी भाजीपुरती फुलं आयती मिळतात. पीठ पेरून केलेली ती भाजी किंचित कडवट आणि फार रुचकर असते. हादग्याची फुलं मोठी, होडीच्या आकाराची, पांढरी किंवा लाल. तिथे मात्र तोडलेल्या फुलामागे एक लांबलचक शेंग जाऊ शकते. पण हादगा इतका भराभर वाढतो आणि इतका फुलतो की पानमळ्यात वेलांना आधार म्हणून लावलेल्या झाडांवरून टोपलीभर फुलं काढली तरी तो मोकळा दिसत नाही. आतली केसरांची जुडी काढायला विसरू नये, सगळा कडूपणा तिच्यात असतो.

आणि मग मोह. तो परसातला नव्हे, रानातला आणि शेताच्या बांधावरचा. पण खायच्या फुलांबद्दल लिहायचं आणि मोह वगळायचा हे मला जमणार नाही. गडचिरोलीपासून मेळघाट, नंदुरबार, पालघरपर्यंत मार्च-एप्रिलमध्ये पान झडलेल्या झाडांच्या फांद्यांना टोकाशी झुबके येतात. रात्री फूल उमलतं आणि पहाटेपासून टपटप गळू लागतं. खाली पडतो तो मांसल, फिकट पिवळा, आतून रसाळ असा पाकळ्यांचा गोळा. त्यात इतकी साखर असते की वाळवलेल्या मोहाच्या वजनात निम्म्याच्या आसपास साखरच भरते. तांबडं फुटायच्या आधी घरातली सगळी माणसं टोपल्या घेऊन झाडाखाली असतात.

फूल गळलं म्हणजे झाडाचं फळ गेलं, असं कुणालाही वाटेल. पण गळताना पाकळ्यांचा गोळा आणि त्याला आतून चिकटलेले पुंकेसर एवढेच खाली येतात. फळ ज्यापासून होतं तो भाग देठावर फांदीलाच राहतो. मोहाच्या लांब स्त्रीकेसराचं टोक, म्हणजे कुक्षी, फुलाच्या तोंडातून बाहेर डोकावत असतं. रात्री वटवाघूळ त्या गोड पाकळ्या खायला येतं, त्याच्या अंगावरचा पराग कुक्षीला लागतो आणि झाडाचं काम होतं. पाकळ्या ही वटवाघळाची मजुरी. जी मजुरी कुणी उचलली नाही ती सकाळी जमिनीवर पडलेली असते, आणि ती माणसं, हरणं, अस्वलं वाटून घेतात. पुढे पावसाळ्याच्या तोंडाशी त्याच झाडाची फळं पिकतात आणि बियांचं तेल निघतं. ताजा मोह, भाजलेला मोह, वाळवून पावसाळ्यासाठी ठेवलेला मोह, भाकरीत घातलेला मोह. दारूपलीकडे ज्यांनी मोहाचा विचारच केला नाही त्यांनी एकदा तव्यावर भाजलेली मोहफुलं चाखून पाहावीत.

काही फुलं आपण खातो आणि ती फुलं आहेत हे लक्षातही येत नाही. लवंग ही न उमललेली कळी. पाच-सहा लवंगा गरम पाण्यात भिजवाव्यात आणि नखाने वरची गोल टोपी सोडवावी. ती टोपी म्हणजे एकमेकींवर घट्ट मिटलेल्या पाकळ्या, आणि तिच्या आत दाटीने बसलेले पुंकेसर दिसतात. दक्षिण कोकणातल्या नारळी-पोफळीच्या बागांत लवंगेची झाडं आहेत. तिथे कळी गुलाबी होऊ लागली की तोडतात, कारण उमललेल्या लवंगेला भाव नाही. इथे झाड पूर्ण किंमत मोजतं. तोडलेल्या प्रत्येक कळीमागे एक फळ जातं.

केशराचं नेमकं उलटं. श्रीखंडात पडणाऱ्या त्या काड्या म्हणजे फुलाच्या स्त्रीकेसराची टोकं, एका फुलात फक्त तीन. एक ग्रॅम केशराला दीडशेच्या आसपास फुलं लागतात. पण केशराच्या झाडाला बी धरतच नाही. त्याच्या पेशीत गुणसूत्रांचे तीन संच आहेत, आणि तिनाची सम वाटणी होत नसल्याने बीज तयार होत नाही. काश्मीरमधल्या पांपोरच्या शेतांत ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये जमिनीवर जांभळा सडा पडतो, आणि त्यातलं एकही फूल स्वतःच्या वंशासाठी फुललेलं नसतं. केशर जगात जिथे जिथे पोचलं, तिथे माणसाने कंद उपटून, वेगळे करून, पुन्हा पुरल्यामुळेच पोचलं.

आणि फ्लॉवर? त्याचा पांढरा गड्डा म्हणजे फूल होण्याचा हजारो वेळा केलेला आणि फसलेला प्रयत्न. 2021 साली ‘सायन्स’ या नियतकालिकात फ्रान्समधल्या संशोधकांनी त्याचा उलगडा मांडला. गड्ड्यातला प्रत्येक कोंब फूल व्हायला निघतो, मधेच अडतो आणि फुलाऐवजी नवी फांदी काढतो. ती फांदीही फूल व्हायला निघते आणि अडते. कोंबावर कोंब, त्यावर कोंब, असं ते चालू राहतं. म्हणून फ्लॉवरचा तुरा मोडला तर तो छोट्या फ्लॉवरसारखा दिसतो, आणि त्याचा तुरा त्याहून छोट्या फ्लॉवरसारखा. गड्डा न कापता शेतात ठेवला तर काही कोंबांना अखेर जमतं आणि मोहरीसारखी चार पाकळ्यांची पिवळी फुलं येतात.

एक फूल मात्र असं आहे की ते खाताना झाडाचा विचार करायलाच हवा. शेवळ. पहिल्या पावसानंतर ठाणे, रायगड, पालघरच्या बाजारात तपकिरी-जांभळट रंगाचे सुरळीसारखे कोंब येतात. सुरणाच्या या भाऊबंदाचा तो फुलोरा. जमिनीखालच्या कंदाला वर्षातून एकदाच तो येतो, पान फुटायच्या आधी. तो तोडला की त्या वर्षीचं बी गेलं, पुढे येणारं पान कंद पोसतं एवढंच. झाडाने त्यावर पहारा ठेवलेला आहे. शेवळात कॅल्शियम ऑक्झलेटचे सूक्ष्म सुईसारखे स्फटिक असतात आणि ते घशात टोचतात, म्हणून ते खाजतं. आपल्या माणसांनी त्याच पावसात येणारी काकडाच्या झाडाची आंबट फळं शोधली आणि ती शेवळाबरोबर शिजवली, तेव्हा कुठे भाजी खाण्याजोगी झाली. शेवळाची भाजी वर्षातून एकदा खावी, चवीने खावी, पण हा फुलोरा डोंगरउतारावरचा सगळाच्या सगळा खणून आणायचा नसतो, हे रानात जाणारी जुनी माणसं पाळत आली आहेत. बाजारात ढीग वाढू लागला की मला त्या कंदांची काळजी वाटते.

परसात फुलं खाण्यासाठी लावायची असतील तर काही गोष्टींत तडजोड नको. देवाला वाहतात ते फूल खाण्याजोगं असतंच असं नाही. महादेवाचा धोत्रा, मारुतीची रुई, पूजेतली कण्हेर आणि पिवळी बिट्टी ही सगळी विषारी झाडं आहेत. कण्हेर आणि बिट्टीचं विष थेट हृदयावर चालतं. कळलावीचं देखणं लालपिवळं फूल आणि कुंपणातली सदाफुली यांनाही तोंडाजवळ नेऊ नये. फुलवाल्याकडचा गुलाब तर मुळीच नको. तो सजावटीसाठी वाढवलेला असतो आणि त्याच्यावर कुठली औषधं फवारली ते आपल्याला कळत नाही. गुलकंदाला आपल्या कुंडीतला सुवासिक देशी गुलाबच लागतो. त्याच्या पाकळ्या आणि साखर यांचे थर काचेच्या बरणीत घालून उन्हात ठेवले की साखर पाकळीतलं पाणी ओढून घेते, आणि त्या दाट पाकात जंतूंना वाढायला पाणीच उरत नाही. रोपवाटिकेतून आणलेल्या रोपाची पहिली फुलंही खाऊ नयेत, नवी येईपर्यंत थांबावं. नवं फूल पहिल्यांदा खाताना थोडंच खावं, परागाची ॲलर्जी असणाऱ्यांनी तर जपूनच.

सुरुवात करायची तर गोकर्णापासून करावी. बारा इंची कुंडी, भरपूर ऊन, चढायला एक दोरी. बीचं कवच टणक असतं, म्हणून रात्रभर भिजवून पेरावं. फूल हातात घेऊन पाहिलं तर ते उलटं आहे असं लक्षात येईल. वाटाणा, वाल, हादगा या त्याच्या कुळातल्या फुलांची मोठी पाकळी वरच्या बाजूला पताकेसारखी उभी असते, गोकर्णाची खाली पसरलेली असते. चव जवळजवळ नाहीच, हे आधीच सांगते. ते रंगासाठी असतं. पाच-सहा फुलं गरम पाण्यात टाकली की पाणी गडद निळं होतं. त्यात लिंबू पिळलं की आधी जांभळं, मग गुलाबी. चिमूटभर खायचा सोडा टाकला तर हिरवट. पाकळीतल्या रंगद्रव्याच्या रेणूची घडण आम्लात बदलते, आणि घडण बदलली की तो प्रकाशातला वेगळाच रंग शोषू लागतो. जांभूळ, वांग्याची साल आणि तांबडी जास्वंद यांच्यातही याच घराण्यातली रंगद्रव्यं आहेत. मलेशियाच्या केलांतान राज्यात गोकर्णाच्या पाण्यात भात शिजवतात, आणि पानात निळा भात येतो.

गोकर्णाचं परागण बहुतेक वेळा फूल उमलायच्या आधी कळीतच उरकलेलं असतं. म्हणजे तोडलेल्या फुलामागे एक शेंग जातेच. पण शेंग धरू दिली नाही की वेल बियांसाठी पुन्हा पुन्हा फुलत राहतो, आणि फुलं रोज तोडल्याने ती वाढतात. हंगाम संपत आला की चार-पाच फुलं वेलावरच राहू द्यावीत. त्यांच्या चपट्या शेंगा तपकिरी होऊ लागल्या की लगेच काढून कागदाच्या पाकिटात ठेवाव्यात, नाहीतर वाळलेली शेंग पीळ घेऊन तडकते आणि बिया गच्चीभर उडतात. त्या बिया पोरांच्या हाती लागू देऊ नयेत. फूल खाण्याजोगं असलं तरी बी जुलाबाचं आहे, ते फक्त पुढच्या जूनच्या पेरणीसाठी.